आप्पा टॅबला हात लावत नाहीत

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून ते थोडक्यात देते.

आई-वडील कोल्हापुरात, शिवाजी पेठेत राहतात. वडील, म्हणजे आप्पा, सत्तरी ओलांडलेले. उद्यमनगरात त्यांचं लेथचं, म्हणजे धातूचे भाग कातायच्या यंत्राचं, वर्कशॉप होतं, ते बंद करून काही वर्षं झाली. अलीकडे विसरणं वाढलंय. तोच प्रश्न परत परत विचारतात. बीपीची गोळी एके दिवशी दोन वेळा घेतली गेली. दूध गॅसवर ठेवून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. पावसाळ्यात रंकाळ्यावर फिरायला गेले ते परतताना भलतीकडेच निघाले, ओळखीच्या रिक्षावाल्यानं घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात असल्याचं सांगितलंय. मुलानं घरात कॅमेरे बसवले, जीपीएसचं घड्याळ आणलं, बोलणारा स्मार्ट स्पीकर आणला आणि रात्री जागून टॅबसाठी स्वतः एक ॲप तयार केलं. त्यात आजचा वार, औषधांची आठवण, घरच्यांचे फोटो, व्हिडिओ कॉल आणि स्मरणशक्तीचे खेळ असं सगळं आहे. आप्पा टॅबला हात लावत नाहीत. घड्याळ हत्यारांच्या पेटीत ठेवतात. हॉलमधल्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात. आई वैतागून म्हणाली, "तुझी यंत्रं सांभाळू का ह्यांना सांभाळू?" वाचकाचा प्रश्न असा: आप्पांना हे वापरायची सवय कशी लावू? हे ॲप पुढे इतर कुटुंबांना मोफत द्यायचं त्यांच्या मनात आहे, पण ते घरातच चालेना म्हणून ते निराश झालेत.

उत्तर :

तुमच्या पत्रातलं सगळ्यात नेमकं वाक्य तुमच्या आईचं आहे. घड्याळ चार्जिंगला कोण लावतं? वाय-फाय गेलं की राउटर बंद करून पुन्हा चालू कोण करतं? कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढ म्हणून पुण्याहून फोन कोणाला जातो? घरात आलेली प्रत्येक नवी वस्तू आपल्याबरोबर एक नवं काम घेऊन येते आणि तुमच्या घरात ते काम आईच्या अंगावर पडतं. ॲप आप्पांसाठी आहे असं तुम्ही धरून चाललात. ते रोज चालवायचं आईनंच आहे, हे तिनं तुम्हाला एका वाक्यात सांगितलं.

तुम्ही विचारता, सवय कशी लावू. आप्पांकडे सवयी भरपूर आहेत, त्याही चाळीस-पन्नास वर्षं मुरलेल्या. तुमची वस्तू त्यातल्या कोणत्या सवयीत बसते, ते आधी बघायला हवं. त्यांनी जे जे नाकारलं त्याच्याकडे जरा या नजरेनं पाहा. मायक्रोमीटर (बारीक मापं घ्यायचं उपकरण) वापरून झाला की पुसायचा आणि पेटीत ठेवायचा, ही शिस्त त्यांनी जन्मभर पाळली. तुम्ही त्यांच्या हातात एक महाग, नाजूक उपकरण दिलंत. त्यांनी ते नाजूक उपकरणं जिथे ठेवायची तिथेच ठेवलं. कॅमेऱ्यावर टॉवेल टाकणारा माणूसही आजारामुळे विचित्र वागतोय असं समजू नका. आपल्या घरात आपल्यावर कोणी नजर ठेवलेली त्यांना चालत नाही आणि ते त्यांनी शब्दांशिवाय स्पष्ट कळवलंय.

१९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर फिट्स थांबाव्यात म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झाली. फिट्स कमी झाल्या, पण नवं काही लक्षात राहणं जवळजवळ बंदच झालं. ब्रेंडा मिल्नर या संशोधक बाईंनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे आपण आधी केलंय हे त्याला दुसऱ्या दिवशी आठवायचं नाही. तरी तीन दिवसांत त्याचा हात सफाईनं चालायला लागला. स्मरणशक्ती ही एकसंध गोष्ट नाही, हे या माणसामुळे जगाला कळलं. सकाळी काय खाल्लं हे लक्षात ठेवणं वेगळं आणि हाताला बसलेलं काम वेगळं. डिमेन्शियात नुकसान हळूहळू पसरत जातं, त्यामुळे ही तुलना शेवटपर्यंत पुरणार नाही. सुरुवातीच्या काळात मात्र पुष्कळांचं असंच दिसतं. कालची गोष्ट निसटते, हाताचं काम टिकून राहतं.

तुमचं ॲप नेमकं निसटत्या बाजूवर उभं आहे. टॅब नावाची वस्तू घरात आहे हे आप्पांनी आठवायचं, तो कशासाठी आणलाय ते आठवायचं, कुठलं चित्र दाबायचं ते आठवायचं आणि मागे यायला बोट कुठून सरकवायचं तेही आठवायचं. आठवण करून देणारी वस्तूच एवढं आठवायला लावत असेल तर ती कोण वापरेल?

आता पडद्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण इथे फार लोक फसतात. टचस्क्रीनला बोटातून येणारा अगदी बारीक विद्युत बदल कळावा लागतो. वय वाढलं की कातडी कोरडी पडते. त्यात आप्पांची बोटं म्हणजे लेथवर घट्टे पडलेली. पहिल्या स्पर्शाला पडदा दाद देत नाही. मग ते जोर लावतात आणि बोट तिथेच धरून ठेवतात. पडद्याला तो निराळाच हुकूम वाटतो आणि भलतीच खिडकी उघडते. लेथचं हँडल फिरवलं की यंत्र हाताला जागच्या जागी उत्तर देतं. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणाऱ्या माणसाला तशा उत्तराची सवय असते. ही काच काहीच बोलत नाही आणि मग सगळं बिघडवून ठेवते. चूक काचेची आहे हे आप्पांना कोण सांगणार? आपणच आता कामाचे राहिलो नाही, असं त्यांना वाटतं. टॅबला हात न लावून ते स्वतःचा मान राखतायत असं मला वाटतं.

तुमच्याच क्षेत्रातलं एक जुनं काम सांगते. मोबाइल सर्रास होण्याआधी कॅलिफोर्नियात लॅरी ट्रेडगोल्ड नावाचे इंजिनिअर होते. त्यांच्या मुलाला डोक्याला मार बसला आणि त्याची स्मरणशक्ती अधू झाली. नील हर्श या तज्ज्ञाला बरोबर घेऊन त्यांनी न्यूरोपेज ही सोय तयार केली. कमरेला साधा पेजर आणि त्याला वापरायला एक मोठं बटण. ठरल्या वेळी तो वाजायचा किंवा थरथरायचा आणि 'आता गोळी घे' असा मजकूर दिसायचा. पुढे इंग्लंडमध्ये बार्बरा विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४३ जणांवर त्याची चाचणी घेतली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात चाचणी पूर्ण करणाऱ्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणांना ठरवलेली कामं पार पाडायला पेजरचा चांगला उपयोग झाला. हे चाललं, कारण माणसाला त्या वस्तूकडे जावं लागत नव्हतं, वस्तूच वेळेला माणसाकडे येत होती. मजकूर भरणं, वेळा बदलणं ही सगळी कामं दुसरं कोणीतरी दुसरीकडे बसून करायचं. तुम्ही पुण्यात बसून नेमकं हेच करू शकता.

तेव्हा टॅब फेकून देऊ नका, त्याची जागा बदला. रोज सकाळी आप्पा वार-तारीख कुठे बघतात? आपल्याकडे बहुतेक घरांत स्वयंपाकघराच्या दारापाशी कॅलेंडर टांगलेलं असतं आणि त्यावर दुधाचा हिशोबही असतो. तिथेच शेजारी टॅब भिंतीत पक्का बसवा. वायर कायमची जोडलेली ठेवा आणि स्पर्श बंद करून टाका. त्यावर मोठ्या अक्षरात एवढंच दिसू द्या: 'मंगळवार, सकाळ. आज डॉक्टरांकडे जायचं नाही.' ही दुसरी ओळ किरकोळ वाटेल, पण 'आज कुठे जायचंय का?' हा प्रश्न दिवसातून पंचवीस वेळा येत असेल तर ती ओळ आईचा जीव वाचवेल. अक्षरं गडद आणि पार्श्वभूमी फिकी ठेवा. निळ्या-जांभळ्या छटा टाळा, वयानं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि त्या छटा वेगळ्या दिसत नाहीत. एकदा बसवलं की मांडणीत काडीचाही बदल करायचा नाही. तुमच्या धंद्यात दर महिन्याला नवं रूप द्यायची जी हौस असते, ती इथे आवरा.

स्मरणशक्तीचे खेळ आजच काढून टाका. याबाबतीत माझं मत ठाम आहे. दहा चित्रं दाखवून 'मघाशी कोणतं होतं?' असं विचारायचं आणि चुकलं की लाल फुली दाखवायची, म्हणजे ज्या गोष्टीची त्यांना मनातून भीती बसलीय तिचीच रोज परीक्षा घ्यायची. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं होतं की स्मरणशक्ती अधू झालेल्या माणसांना चुका करू न देता शिकवलं तर ती जास्त चांगली शिकतात. कारण सरळ आहे. आपल्याला चूक लक्षात राहते म्हणून आपण ती सुधारतो. त्यांना चूक लक्षात राहत नाही, पण हाताला तेच वळण लागतं. म्हणून एखादी गोष्ट शिकवायचीच असेल, समजा गोळ्यांची डबी उघडणं, तर 'आठवतंय का आप्पा?' असं विचारू नका. त्यांच्याबरोबर, त्याच जागी, त्याच क्रमानं करा. थोड्या वेळानं पुन्हा करा आणि मग हळूहळू अंतर वाढवा. हा नियम घरातल्या गप्पांनाही लावा. 'मला ओळखलंत का?' हा प्रश्न पाहुण्यांना विचारू देऊ नका. येतानाच 'आप्पा, मी अमका, तुमच्या धाकट्या बहिणीचा मुलगा' असं सांगितलं की दोघांचीही अडचण टळते.

गोळीचं बघू. तुमचं ॲप नऊ वाजता वाजतं. आप्पांनी साडेआठलाच गोळी घेतलेली असते, पण घेतल्याचं आठवत नाही. वाजलं म्हणून ते परत घेतात. ज्याला 'घेतली का' हे ठाऊक नाही, त्याला नुसती 'घ्या' अशी हाक घातक ठरू शकते. वारांचे कप्पे असलेली साधी डबी इथे ॲपपेक्षा सरस आहे. मंगळवारचा कप्पा रिकामा दिसला की उत्तर समोर असतं. डबी आठवड्यातून एकदा आईनं भरायची, बाकीच्या गोळ्या कुलपात ठेवायच्या आणि रोजची वेळ चहाला बांधून टाकायची. एकूण गोळ्या कमी करता येतील का, दिवसातून एकदाच घेता येतील का, हे डॉक्टरांना विचारायला संकोचू नका. ॲपमधून एखादी हाक द्यायचीच असेल तर ती आईच्या फोनवर येऊ द्या. आवाज खालच्या पट्टीतला ठेवा, कारण म्हातारपणी आधी उंच, बारीक आवाज ऐकू येईनासे होतात.

स्पीकर मी बंद करेन. खोलीत माणूस नाही आणि आवाज येतोय, याचा उलगडा आज त्यांना होत असेल, उद्या कदाचित होणार नाही. त्यापेक्षा एका बटणाचा रेडिओ लावून द्या, सुई आकाशवाणीवरच थांबलेली. गॅससाठी ठरावीक वेळानं आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह मिळतो. तो शेगडीच्या नळीला लागतो, शेगडी तीच राहते. शेगडी बदलून इंडक्शन आणू नका, त्यानं सगळं नव्यानं शिकणं आलं.

रंकाळ्याचा प्रश्न सगळ्यात नाजूक आहे. जीपीएस तुम्हाला पुण्यात कळवेल की आप्पा गंगावेशीत आहेत. तुम्ही सव्वादोनशे किलोमीटरवर. आणायला कोण जाणार? परवा त्यांना घरी कोणी आणलं ते आठवा. ज्या पेठेत चार पिढ्या एकमेकांना ओळखतात तिथे तुमची सगळ्यात भक्कम यंत्रणा आधीच उभी आहे. तालमीतली पोरं, कोपऱ्यावरचा पानपट्टीवाला, दूध कट्ट्यावरची मंडळी, रिक्षा स्टॉप. त्यांच्याशी बोला, पण आधी आप्पांना विचारून. 'आप्पा हल्ली कधीकधी वाट चुकतात, दिसले तर गप्पा मारत घरापर्यंत या आणि या नंबरवर फोन करा,' एवढं पुरे. लोकांपासून लपवून ठेवलं तर आप्पा चुकल्यावर लोकांना कळणारच नाही की ते चुकलेत. शर्टाच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेलं लॅमिनेट केलेलं कार्ड असू द्या. त्याला चार्जिंग लागत नाही. एवढं झाल्यावर जीपीएस जरूर वापरा, पण मनगटावर नको. जी वस्तू खिशात घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडतच नाहीत, किल्ल्यांचा जुडगा म्हणा किंवा पाकीट, त्यात बसणारं छोटं यंत्र घ्या. त्याचा इशारा आईला आणि शेजारच्या एका माणसाला गेला पाहिजे. फिरणं मात्र बंद करू नका. तीच वाट, तीच वेळ आणि जमलं तर बरोबर एक जुना दोस्त.

कॅमेऱ्याबद्दल मला तुम्हालाच विचारायचंय. तो आप्पांची काळजी घेतो की तुमच्या काळजीला उतारा देतो? दुसरंही योग्यच आहे. लांब राहणाऱ्या मुलाचा जीव टांगणीला लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्या कॅमेऱ्याखाली आई दिवसभर वावरते. पदर सावरत, हळू बोलत. तिला विचारलं होतंत का? दार उघडल्याचं कळवणारा साधा सेन्सर रात्रीच्या काळजीला पुरतो आणि तो कोणाचं चित्र काढत नाही. आप्पा आज स्वतःचं मत सांगू शकतात, म्हणून हे बोलणं आजच करा. काय चालेल, काय नाही, पैशाचे व्यवहार कोणी बघावेत, पुढे घरी कोण हवं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या व्याख्येत स्मरणशक्तीचे गंभीर विकारही येतात. उद्या निर्णय घेता आला नाही तर उपचार कसे हवेत आणि आपल्या वतीनं कोणी बोलावं, हे आधीच लेखी ठरवून ठेवण्याचा हक्क हा कायदा देतो. बँकेचंही याच सुमारास उरका. मोठी रक्कम वेगळ्या खात्यात आणि फोनला जोडलेल्या खात्यात थोडीच. फसवणुकीचा फोन आलाच आणि पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

इतर वाचकांसाठी एक गोष्ट. विसरायला लागलं म्हणजे डिमेन्शियाच असं धरू नका. बी-१२ कमी असणं, थायरॉइड, नैराश्य, काही औषधं, कमी ऐकू येणं यांनीही असंच दिसतं आणि यातलं बरंचसं सुधारतं. आधी डॉक्टर, मग दुकान.

इतरांना ॲप द्यायचा तुमचा विचार चांगला आहे आणि त्याची गरज मोठी आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. पण आपल्याकडचे वडीलधारे 'कसं वाटलं?' म्हटल्यावर 'छान केलंयस बाळा' असंच म्हणणार, पोराचं मन कसं मोडायचं म्हणून. त्यामुळे विचारू नका, गप्प बसून बघा. हात कुठे अडतो, नजर कुठे जाते, कधी उठून निघून जातात. चांगल्या दिवशी बघितलंत तसं वाईट दिवशीही बघा. आज जमणारी गोष्ट वर्षानं जमणार नाही, तेव्हा ॲपमधून एकेक गोष्ट गुपचूप कमी करत जाता आली पाहिजे, तीही माणसाला न हिणवता.

शिवाय आप्पांच्या हाताला काम द्या. परड्यात किंवा गॅलरीत एक छोटा व्हाइस, दोन कानशी, लोखंडाचे चार तुकडे. आई किंवा कोणीतरी नजरेच्या टप्प्यात असावं, एवढंच. वर्कशॉपचे जुने फोटो समोर ठेवून त्यांना बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करा. कुठला जॉब अवघड गेला, ऑइल इंजिनचा कुठला भाग त्यांच्याकडे व्हायचा. इथे ते शिकवणारे आहेत आणि तुम्ही शिकणारे.

पुढच्या वेळी कोल्हापूरला जाल तेव्हा लॅपटॉप न उघडता आईजवळ बसा आणि तिला विचारा, दिवसातला सगळ्यात अवघड वेळ कोणता? बऱ्याच घरांत उत्तर येतं, दिवेलागणीचा. तेव्हा अशी माणसं जास्त अस्वस्थ होतात, घरातच बसून 'घरी जायचंय' म्हणतात. तिचं उत्तर वेगळंही असेल. ॲपचं पुढचं काम त्या वेळेपासून सुरू करा. त्या वेळेला आप्पांजवळ बसणारं कोणी पगारी किंवा नात्यातलं मिळालं तर त्याचा खर्च उचला, ॲप नंतर होईल. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आणि मनावर ताण आला तर बोलायला १४४१६, हे दोन्ही नंबर आईच्या फोनमध्ये तुम्ही स्वतः टाकून द्या आणि पहिला फोन तिच्याशेजारी बसून लावा.